एकदिवसीय पिल्लांवरून उबवणगृहाची पारख : चेन्नईच्या दमट हवामानातील धडे

परसबागेतील असो वा बंदिस्त, कुक्कुटपालनाचा पहिला मोठा निर्णय पिल्लांच्या खरेदीचा असतो. शेड, खाद्य, लसीकरण यांतील उणिवा पुढे काही अंशी भरून काढता येतात. परंतु बेंबी उघडी राहिलेले, पोटात न शोषलेला बलक घेऊन आलेले पिल्लू नंतरच्या कोणत्याही उपायाने निरोगी होत नाही. अशी पिल्ले पहिल्या आठवड्यात दगावतात आणि जी वाचतात, ती कळपात मागे राहतात. म्हणून पिल्ले आणण्यापूर्वी ती जेथे निपजतात त्या उबवणगृहाची पारख करणे विस्तार कार्यकर्ते व पशुपालक या दोघांनाही जमले पाहिजे.

या पारखीत नेहमी होणारी चूक अशी की, यंत्राच्या काट्यावरील तापमान व आर्द्रता आणि दप्तरातील उबवणीची टक्केवारी एवढ्यावरच समाधान मानले जाते. हे आकडे आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. एकच आकडा नागपूरच्या कोरड्या हवेत एक अर्थ सांगतो आणि चेन्नईच्या दमट हवेत दुसरा. शेवटचा पुरावा अंड्याच्या वजनात आणि पिल्लाच्या शरीरात असतो. प्रस्तुत लेखात चेन्नईचे उदाहरण समोर ठेवून ही पारख कशी करावी, हे पाहू.

चेन्नईचे उदाहरण का?

चेन्नई हे दक्षिण भारतातील पशुवैद्यकीय शिक्षणाचे जुने केंद्र आहे. मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाची सुरुवात १९०३ मध्ये झाली, तर तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. या विद्यापीठाचे कुक्कुट संशोधन केंद्र माधवरम येथे आहे. शहरातील नंदनम या भागाचे नाव तेथील कोंबडी, टर्की व लावा या पक्ष्यांच्या वाणांना मिळाले असून नंदनम कोंबडीच्या पायाशी ऱ्होड आयलंड रेड ही जात आहे. परसातील पालनासाठी अशा वाणांची चौकशी महाराष्ट्रातूनही होते.

दुसरे कारण हवामानाचे आहे. चेन्नईत हवा वर्षभर उष्ण व दमट असते. जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि गोवा येथील पशुपालकांना ही हवा परिचित आहे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा याच्या अगदी उलट. त्यामुळे चेन्नईची उबवणी समजून घेतली की कोकणासाठी थेट आणि पठारासाठी तुलनेने उपयोगी असे बरेच काही हाती येते.

पहिली पायरी : अंड्यांची साठवण

पाहणीची सुरुवात यंत्रापासून न करता अंड्यांच्या साठवण खोलीपासून करावी. गर्भाची वाढ पूर्ण थांबण्यासाठी अंड्याचे तापमान साधारण २० अंशांच्या खाली असावे लागते. उबवणीच्या अंड्यांसाठी १५ ते १८ अंश तापमान व ७५ ते ८० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. चेन्नईत उघड्या खोलीत ठेवलेले अंडे बहुतेक काळ या मर्यादेच्या वरच राहते. त्यातील गर्भ धड वाढत नाही आणि धड थांबतही नाही. तो दुर्बळ होतो व उबवणीच्या पहिल्या काही दिवसांत मरतो. प्रकाशात अशी अंडी पाहिल्यास आत रक्ताचे कडे दिसते. म्हणून शीतगृह आहे का, ते रात्री व सुटीच्या दिवशीही चालू असते का आणि अंडी किती दिवसांची आहेत, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. सात दिवसांपेक्षा अधिक साठवलेल्या अंड्यांची उबवणक्षमता दिवसागणिक घटत जाते.

शीतगृह असले तरी दमट प्रदेशात दुसरा धोका उभा राहतो. बाहेरील हवा ३० अंश तापमानाची व ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. अशा हवेत १६-१७ अंशांचे अंडे आणले की कवचावर पाणी साचते. यालाच अंड्यांना घाम येणे म्हणतात. ओल्या कवचावरील सूक्ष्म छिद्रांतून जिवाणू व बुरशी आत शिरतात. हीच अंडी एप्रिलमध्ये विदर्भात, ४० अंश व २० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाहेर काढली तर घाम येत नाही. कारण तेथे दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो. चेन्नई किंवा कोकणातील उबवणगृहात शीतगृह व यंत्र यांच्यामध्ये अंडी हळूहळू उबदार करण्यासाठी मधली, वातानुकूलित व पंख्याची खोली आहे का, हे अवश्य पाहावे. ओली अंडी धुरीसाठी किंवा पुन्हा शीतगृहात नेली जात असतील, तर ती गंभीर त्रुटी समजावी.

दुसरी पायरी : यंत्रातील हवा

कोंबडीची अंडी २१ दिवसांत उबतात. पहिले १८ दिवस ती सेटरमध्ये व शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये असतात. लाव्याला १७ ते १८ दिवस, तर टर्की व बहुतेक बदकांना २८ दिवस लागतात. सेटरमध्ये तापमान साधारण ९९.५ ते ९९.८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस, आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवली जाते. हॅचरमध्ये तापमान अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी आणि आर्द्रता अधिक असते. सेटरमधील अंडी दर तासाला ४५ अंशांच्या कोनात दोन्ही बाजूंस फिरली पाहिजेत.

आता हवामानाचा परिणाम पाहू. चेन्नईची ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा सेटरमध्ये जाऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप सुमारे ५३ टक्के होते. त्यात अंड्यांतून निघणारी वाफ मिळते. म्हणजे पाणी न फवारताही अपेक्षित आर्द्रता जवळजवळ गाठली जाते आणि पावसाळ्यात ती ओलांडलीही जाते. विदर्भातील ४० अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा त्याच यंत्रात गेली तर आर्द्रता जेमतेम २३ टक्के राहते. तेथे पाणी द्यावेच लागते. यंत्र एकच, पण एका ठिकाणी अडचण ओलाव्याची आणि दुसऱ्या ठिकाणी कोरडेपणाची.

म्हणून दमट प्रदेशातील उबवणगृहात सेटरच्या खोलीत येणारी हवा थंड व कोरडी करण्याची सोय असावी. आर्द्रता वाढते म्हणून हवा येण्याची झडप बंद ठेवण्याची सवय घातक आहे. त्याने ओलावा आतच कोंडतो, कर्बवायू वाढतो आणि गर्भाला प्राणवायू अपुरा पडतो.

वीजपुरवठ्याचीही चौकशी करावी. डिसेंबर २०१५ मधील पूर आणि १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईजवळ धडकलेले वर्धा चक्रीवादळ यांनी शहरातील जनजीवन व वीजपुरवठा विस्कळीत केला होता. असे संकट कोकण किनाऱ्यालाही अपरिचित नाही. वीज गेल्यावर अंडी थंड होतील अशी भीती सर्वांना असते. वास्तविक दहा-बारा दिवसांपुढील गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करतात आणि पंखे थांबले की ते गुदमरून व अतिउष्णतेने मरतात. जनित्र आपोआप सुरू होते का, इंधनाचा साठा किती आणि शेवटची चाचणी केव्हा झाली, हे नोंदवहीतून पाहावे.

तिसरी पायरी : अंड्याचे वजन

यंत्रातील आर्द्रता बरोबर होती का, याचे उत्तर वजनकाटा देतो. उबवणीला ठेवल्यापासून १८ दिवसांत अंड्यांच्या वजनात साधारण ११ ते १२ टक्के घट व्हावी. तेवढे पाणी बाहेर पडले, तरच अंड्याच्या रुंद टोकाची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास तेथे घेता येतो.

उदाहरणार्थ, ३० अंड्यांचे निव्वळ वजन प्रारंभी १६५० ग्रॅम असेल, तर १८ व्या दिवशी ते सुमारे १४५० ते १४७० ग्रॅम भरावे. ते १५२० ग्रॅम भरले, तर घट केवळ ८ टक्क्यांच्या आसपास आहे. यंत्राचा काटा काहीही दाखवो, अंडी जास्त ओलाव्यात उबली असा याचा अर्थ होतो. वजनाआधी ट्रेचे वजन वजा करावे आणि यंत्राच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील ट्रे स्वतंत्र मोजाव्यात. ज्या उबवणगृहात अशा वजनांची नोंद नियमित ठेवली जाते, तेथील व्यवस्थापन जागरूक आहे असे मानण्यास हरकत नाही.

चौथी पायरी : टक्केवारीचा अर्थ

उबवणीची टक्केवारी दोन प्रकारे सांगता येते. १००० अंडी ठेवली, त्यांपैकी १०० अफलित निघाली आणि उरलेल्या ९०० पैकी ८१० पिल्ले बाहेर आली, तर एकूण अंड्यांवर उबवणी ८१ टक्के आणि फलित अंड्यांवर ९० टक्के होते. पहिला आकडा पैदास कळप व उबवणगृह या दोहोंचा, तर दुसरा मुख्यतः उबवणगृहाचा निकाल सांगतो. कोणता आकडा सांगितला जात आहे, हे स्पष्ट करून घ्यावे.

न उबलेली अंडी फोडून पाहण्याची पद्धत असल्यास तिची नोंद मागावी. पहिल्या आठवड्यातील गर्भमृत्यू बहुधा साठवण व वाहतुकीकडे, मधल्या आठवड्यातील मृत्यू पैदास कळपाच्या आहाराकडे किंवा जंतुसंसर्गाकडे, आणि शेवटच्या आठवड्यातील मृत्यू तापमान, आर्द्रता व वायुवीजनाकडे बोट दाखवतात. कवचाला टोच मारून आतच मेलेली, ओलसर, फुगलेली पिल्ले अधिक असतील, तर वजनातील घट अपुरी असल्याचा संशय बळावतो.

हॅचरच्या ट्रेमधील रिकामी कवचेही बोलकी असतात. कवचे स्वच्छ असतील, तर पिल्ले वेळेवर काढली गेली. त्यांवर हिरवट विष्ठा पसरली असेल, तर पिल्ले लवकर निघून बराच वेळ आत ताटकळली आणि सुकू लागली. पिल्ले बाहेर काढताना शंभरातील सुमारे पाच पिल्लांची मान किंचित ओलसर असणे ही योग्य वेळेची खूण आहे.

पाचवी पायरी : पिल्लाची तपासणी

पिल्लांचे गुणांकन करण्यासाठी नेदरलँड्समध्ये विकसित झालेली पास्गर पद्धत सोपी आहे. निरनिराळ्या ट्रेमधून सरसकट, न निवडता ५० पिल्ले घ्यावीत. प्रत्येक पिल्लाला १० गुण द्यावेत आणि पुढील पाच बाबींपैकी जेथे दोष आढळेल तेथे एक गुण कमी करावा.

१. चपळता : पिल्लाला पाठीवर ठेवल्यास ते दोन-तीन सेकंदांत उठून उभे राहावे.

२. बेंबी : पूर्ण बंद, कोरडी व गुळगुळीत असावी. काळी गाठ, लोंबता धागा, ओल किंवा उघडी जखम हा दोष होय.

३. पाय : घोटे स्वच्छ व नेहमीच्या रंगाचे असावेत. लाल किंवा सुजलेले घोटे म्हणजे कवच फोडताना पिल्लाला फार झगडावे लागले.

४. चोच : स्वच्छ, नाकपुड्या बंद. चोचीवरील लाल ठिपका बहुधा अतिउष्णतेचे लक्षण असते.

५. पोट : मऊ व लवचीक असावे. ताठ, फुगलेले पोट म्हणजे बलक नीट शोषला गेलेला नाही.

५० पिल्लांत मिळून २० दोष आढळले तर सरासरी ९.६ येते, ही चांगली तुकडी. सरासरी ९ पेक्षा कमी आली तर आणखी ५० पिल्ले तपासावीत आणि पुन्हा तसेच आढळल्यास खरेदी टाळावी. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या पद्धतीत सर्वांत वाईट पिल्लालाही ५ गुण मिळतात. त्यामुळे ८ ही सरासरी ८० टक्के म्हणून स्वीकारता येत नाही. तिचा अर्थ प्रत्येक पिल्लात सरासरी दोन दोष असा होतो.

दोष मोजण्याबरोबर ते कोणते आहेत हेही लिहून ठेवावे. फुगलेली पोटे व लाल घोटे एकत्र दिसले तर ओलावा जास्त होता. चोचीवर लाल ठिपके व उघड्या बेंब्या एकत्र दिसल्या तर उष्णता जास्त होती. चेन्नईसारख्या हवेत पहिली जोडी, तर पठारावरील उन्हाळ्यात दुसरी जोडी विशेष शोधावी.

वजनाचाही आधार घ्यावा. पिल्लाचे वजन अंड्याच्या मूळ वजनाच्या सुमारे ६७ टक्के असावे. ५५ ग्रॅमच्या अंड्यातून साधारण ३७ ग्रॅमचे पिल्लू अपेक्षित आहे. ते ४० ग्रॅम भरले, तर पशुपालक खूश होतो; पण ते वाढीव वजन बहुधा पाण्याचे व न शोषलेल्या बलकाचे असते. ३४ ग्रॅम भरले, तर पिल्लू सुकलेले आहे. अंड्याचे वजन ठाऊक नसताना केवळ पिल्लाच्या वजनावरून निष्कर्ष काढू नये. तसेच गडद पिवळ्या लवेला भुलू नये. हॅचरमध्ये फॉर्मेलिनचा वापर केल्यानेही लव अधिक पिवळी दिसते आणि अतिवापराने श्वासनलिकेला इजा होते.

स्वच्छता व रोगमुक्तता

उबवणगृहात अंडी एका टोकाने येऊन पिल्ले दुसऱ्या टोकाने बाहेर पडावीत. माणसे, ट्रे व हवा यांचा प्रवाह उलट दिशेने जाऊ नये. दमट हवेत भिंती, छत, कूलरचे पॅड व हवेच्या नळ्यांवर बुरशी लवकर वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे गेल्यास पिल्लांना फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो. भिंतीवरील काळे डाग व कुबट वास यांकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये.

पैदास कळपाची पुलोरम व मायकोप्लाझ्मा या अंड्यावाटे पसरणाऱ्या रोगांसाठी तपासणी झाल्याचा दाखला मागावा. मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी मानेच्या त्वचेखाली द्यावयाची असते. ती विहित तापमानात साठवली जाते का आणि द्रावणात मिसळल्यावर साधारण तासाभरात संपवली जाते का, हे पाहावे. भेट देणाऱ्यानेही शिस्त पाळावी : स्वतःच्या कळपातून थेट जाऊ नये, स्वच्छ कपडे व तेथील पादत्राणे वापरावीत आणि तपासणी पिल्लांच्या रवानगी कक्षातच करावी.

वाहतूक आणि पहिला आठवडा

चेन्नई ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे १२०० किलोमीटर आहे. पोटातील बलकाच्या आधारे पिल्लू ७२ तासांपर्यंत तग धरू शकते. परंतु ही निसर्गाने दिलेली सवलत आहे, वाहतुकीचे वेळापत्रक नव्हे. शक्य तो २४ तासांच्या आत पिल्ले पाणी व खाद्यापर्यंत पोहोचावीत. खोक्यात पिल्लांभोवतीचे तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि पिल्लाच्या गुदद्वाराशी मोजलेले तापमान ३९.४ ते ४०.५ अंश असावे. पिल्ले चोच उघडून धापा टाकत असतील, तर खोक्यांच्या रांगांमध्ये अंतर वाढवावे. उन्हाळ्यात प्रवासाचा मोठा भाग रात्री व्हावा. एवढ्या दूरचा प्रवास टाळता येत असेल तर पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांकडे प्रथम चौकशी करणे हिताचे ठरते. पारखीचे निकष तेथेही हेच राहतील.

पिल्ले आल्यावर २४ तासांनी हाताने चाचपून पाहावे. जवळजवळ सर्व पिल्लांची पिशवी भरलेली व मऊ असावी. पहिल्या आठवड्यातील मर एक टक्क्याच्या आत राहिल्यास तुकडी चांगली. मर वाढल्यास बहुधा वाद सुरू होतो : पशुपालक उबवणगृहाला दोष देतो आणि उबवणगृह पशुपालकाच्या ब्रूडिंगला. हा वाद शवविच्छेदनाने बऱ्याच अंशी मिटतो. मृत पिल्लाची बेंबी ओली, बलक हिरवट-तपकिरी व दुर्गंधीयुक्त असेल, तर बहुधा संसर्ग उबवणगृहातून आला आहे. बलक शोषला गेलेला, पण पिशवी व जठर रिकामे असेल आणि मर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढली असेल, तर पिल्लांना ऊब, पाणी किंवा खाद्य नीट मिळालेले नाही. मृत पिल्ले फेकून न देता बर्फात ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा रोग अन्वेषण प्रयोगशाळेत न्यावीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी थोडक्यात

गटासाठी पिल्ले सुचवण्यापूर्वी पुढील सात नोंदी एका पानावर घ्याव्यात : अंड्यांचे वय व साठवणीचे तापमान, १८ व्या दिवसापर्यंतची वजनघट, फलित अंड्यांवरील उबवणीची टक्केवारी, ५० पिल्लांचे सरासरी गुण व प्रमुख दोष, अंडे-पिल्लू वजनाचे प्रमाण, कळपाचा रोगमुक्ततेचा व लसीकरणाचा दाखला, आणि पिल्ले निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचे तास. आठवी नोंद सात दिवसांनी, पशुपालकाच्या शेडमधील मरीची, भरावी आणि तिची प्रत उबवणगृहालाही पाठवावी. दोन-तीन तुकड्यांच्या अशा नोंदी हाती आल्या की कोणते उबवणगृह कोणत्या हंगामात विश्वासार्ह ठरते, हे कोणाच्या शिफारशीविना ठरवता येते.